पंखाच्या टोकावरचा ठिपका

आत्या नाकावर माशी बसू देत नसे, आणि घड्याळदुरुस्तीच्या टेबलाला तर ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. पण दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, डॉक्टरांनी काही आठवडे बारीक काम बंद केलं, आणि भाच्याने लगेच टेबलाला गिऱ्हाईक शोधलं. त्या जागी म्हणे मोबाइलची कव्हरं लागणार!

"आता तुला स्क्रू दिसायचा नाही, आत्या. आराम कर की."

"आणि दिसला तर?"

"तर टेबल तुझं. मी तोंडातून शब्द काढणार नाही."

आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरं सांगायचं तर तिलाच खात्री नव्हती. नाहीच दिसलं तर?

रिकामे हात शिवशिवायचे, म्हणून ती दुकानाच्या खिडकीतल्या लिंबाच्या कुंडीपाशी बसू लागली. एका कोवळ्या पानावर चंदेरी, वेडीवाकडी रेघ उमटली होती.

"नागअळी आहे ती. पान आतून खाते. तोडून टाक," भाचा म्हणाला.

तोडेल ती आत्या कसली! पानाच्या पापुद्र्याखाली एक पिवळट जीव पुढे सरकत होता आणि मागे घाणीची काळी रेघ सोडत होता. रोज सकाळी आत्या आधी त्याला शोधायची. दिसला की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

मग अळीने पानाची कड दुमडली, रेशमाने चिकटवली आणि आत गडप झाली. बंद दिसेल ते उघडायचं, ही आत्याची जन्माची सवय. तिने चिमट्याने घडी उकलली. आतला कोष संध्याकाळपर्यंत वाळून गेला.

"मेली सवय माझी!" आत्याला रडूच आलं. शेजारच्या पानावर आणखी एक घडी होती. तिने चिमटा टेबलाच्या खणात टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली वहिनीच्या, म्हणजे भाच्याच्या आईच्या, हातात कोंबली. "मी मागितली तरी देऊ नका."

टेबल न्यायला माणूस आला, तोवर डॉक्टरांची बंदी संपली होती. पण घड्याळ उघडून बघायची आत्याची हिंमत झाली नव्हती. ती कुंडीकडे तोंड करून बसली होती. तेवढ्यात पानाची घडी हलली. कोष अर्धा बाहेर आला, फाटला, आणि तांदळाच्या कणीएवढा पतंग पानावर येऊन उभा राहिला.

"ठेवा ते टेबल खाली!" आत्या ओरडली. "ये रे इकडे. काय दिसतंय?"

भाचा वाकला. "धूळ."

"धूळ? ऐक मग. चांदीसारखे पांढरे पंख, त्यांवर तपकिरी पट्टे, कडेला बारीक झालर. आणि दोन्ही पंखांच्या टोकाला एकेक काळा ठिपका. मी नुसत्या चष्म्यातून सांगतेय. तू भिंग लावून बघ."

भाच्याने भिंग डोळ्याला लावलं. आधी एक पंख पाहिला, मग दुसरा.

"अरे, आहे का ठिपका?" वहिनीलाच राहवेना.

"आहे," तो म्हणाला. "दोन्हीकडे. झालरसुद्धा."

पतंग भुर्रकन उडाला. वहिनीने न मागता किल्ली आत्याच्या हातात ठेवली. टेबल न्यायला आलेला माणूस आल्या पावली परत गेला.

"मग कव्हरं कुठे लावू?" भाच्याने हळूच विचारलं.

"लाव की खिडकीत. पण माझ्या कुंडीला धक्का लागला तर याद राख!" आत्या म्हणाली, खुर्ची पुढे ओढली आणि पहिलं घड्याळ उघडलं. स्क्रू लख्ख दिसत होता.