माझ्या पोटातली चूल

मी एक जुनी लष्करी मोटार आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटात एक मातीची चूल आहे. हसू नका. मोटारीत चूल कशी, असे तुमच्या मनात आले असेल. तीच हकिकत मला सांगायची आहे.

माझा जन्म लढाईच्या दिवसांत झाला. माझ्या भावंडांच्या वाट्याला तोफा ओढणे आले, दारूगोळा वाहणे आले. माझ्या दोन्ही अंगांवर मात्र पांढऱ्या गोलात तांबडी फुली रंगवली गेली. जखमी शिपायांना रणांगणावरून इस्पितळात न्यायचे, हे माझे काम. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरचे रस्ते म्हणजे नुसते खड्डे आणि चिखल. तिथे मी तीन वर्षे राबले. किती जणांना नेले ते मी मोजले नाही. काही बरे होऊन गेले, काही वाटेतच गेले. त्याबद्दल अधिक बोलवत नाही.

लढाई संपली आणि सरकारला मी नकोशी झाले. पुण्याला एका मैदानात शेकडो गाड्यांबरोबर मला उभे केले. वर्षभर ऊन खाल्ले, पाऊस खाल्ला. माझ्या टपावर गवत उगवले, पण विचारपूस करायला कोणी आले नाही. मग लिलाव झाला आणि अर्जुना नावाच्या एका माणसाने मला घेतले. तो आष्ट्याजवळच्या एका मळ्यातला. पलटणीत मोटारी हाकून हवालदार होऊन आलेला. त्याने बॉनेट उघडले, आत वाकून पाहिले आणि म्हणाला, "इंजन झ्याक हाय गड्या." वर्षभरात कोणी माझ्याबद्दल बोललेले ते पहिले चांगले वाक्य होते.

मळ्यावर मात्र माझे स्वागत काही झाले नाही. बाया पोरांना घेऊन घरात शिरल्या. कोणीतरी 'मढ्याची मोटार' असे नाव ठेवले आणि ते मला चिकटले ते चिकटलेच. अर्जुनाची म्हातारी आई साळूबाई दारात उभी होती. तिने माझ्या फुलीकडे एकदा पाहिले आणि तोंड फिरवले.

तिच्या रागाला कारण होते. तिचा धाकटा मुलगा गुंडा हाही पलटणीत होता. लढाईत त्याला गोळी लागली. इस्पितळात नेताना वाटेत, माझ्यासारख्याच एका गाडीत, तो गेला. तसे कागदावर लिहून आले होते.

"माझं लेकरू असल्याच डब्यात हिसकं खात खात गेलं," साळूबाई म्हणाली. "ह्यो डबा माझ्या दारात नगं."

अर्जुनाने मला गोठ्यापलीकडे कडुलिंबाखाली नेऊन उभे केले. माझ्या आत स्ट्रेचर टांगायचे जाड कापडी पट्टे होते. ते काढून त्याने बैल बांधायला घेतले. मला वाईट वाटले. पण मोटारीला विचारतो कोण?

सत्तेचाळीस साली, संक्रांत झाल्यावर, एक पत्र आले. खंडाळ्याकडचे सुभेदार लालासाहेब यांनी ते पाठवले होते. लढाईनंतर लष्कराच्या जुन्या मोटारी विकत घेतलेल्या सगळ्या जवानांचा मेळावा त्यांनी आपल्या शेतावर बोलावला होता. असा मेळावा पहिलाच. त्यांचे गाव अजून बैलगाडीचे. मोटार तिथे कधी मुक्कामाला राहिलेली नव्हती. अट एकच होती. प्रत्येकाने घरची माणसे घेऊन यायचे, तीन दिवस आपल्याच मोटारीत राहायचे आणि तिथेच रांधून खायचे.

अर्जुनाची बायको हरणाबाई हिने ते पत्र दोनदा वाचून घेतले. ती पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "जायचं."

"आईला कोन सांभाळणार?" अर्जुनाने विचारले. साळूबाईला गुडघ्यांमुळे घरात एकटे ठेवण्यासारखे नव्हते.

"आत्याबाई येतील संगं," हरणाबाई सासूकडे बघत म्हणाली.

साळूबाई ओसरीवरून म्हणाली, "मी मढ्याच्या डब्यात बसायची न्हाई."

"त्येचं घर केलं तर?"

म्हातारी हसली. सुनेला गप्प करायचे म्हणून ती म्हणाली, "चूल असती त्येला घर म्हंत्यात. घाल चूल. आष्ट्याच्या बाजाराला जाऊन ये, आन् चूल हाय तशी परत आण. तिच्यावर दूध उतू गेलं तर बसंन मी."

साळूबाईला वाटले, विषय संपला. हरणाबाईला वाटले, आता कामाला लागायचे.

मित्रांनो, त्या बाईसारखी जिद्द मी पलटणीतही थोड्या माणसांत पाहिली. तिने मला आतून-बाहेरून घासले. गाडगी-मडकी रचली, खिळ्यांवर कंदील आणि चाळण टांगली. घर म्हटल्यावर सारवण हवेच म्हणून तिने माझ्या फळ्या शेणाने सारवल्या! इंजिन तापल्यावर त्या सारवणाचे पोपडे उडाले आणि अर्जुना शिंकून शिंकून बेजार झाला. मग तिने फळ्यांवर घोंगडे अंथरले आणि चूल घालायला घेतली.

पहिली चूल तिने फळीवरच घातली. वाळली तशी अर्जुनाने हँडल मारले आणि आम्ही निघालो. पहिल्याच ओढ्याच्या उतारावर चुलीचे तीन तुकडे झाले.

दुसरी चूल तिने भुसा आणि शेण घालून मळली, चांगली जाडजूड. पण पेट्रोल कुपनावर मिळायचे आणि होते ते खंडाळ्यासाठी राखायचे होते. म्हणून हरणाबाईने मला खिलारी बैलांची जोडी जुंपली. मी लष्करी मोटार, आणि माझ्यापुढे बैल! आष्ट्याच्या बाजारात लोक भाजी घ्यायची सोडून आम्हाला बघायला आले. "मोटार चारा खाती का पानी पिती?" असे एकाने विचारले. लाजेने मी अर्धी झाले. हरणाबाई मात्र वर मान करून बसली होती. परत येताना, मळ्यातले लिंबाचे झाड दिसू लागले तिथे, चाक एका दगडावर चढून दाणकन खाली आले. चूल मधोमध दुभंगली.

"ऱ्हाऊ दे आता, पोरी," साळूबाई म्हणाली. या खेपेला तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

मेळाव्याला चार दिवस उरले होते. हरणाबाई शेण आणायला गोठ्यात गेली आणि तिथेच थबकली. बैल ज्याने बांधला होता तो पट्टा तिने हातात घेऊन ओढून पाहिला.

"आवं, ह्ये गाडीत कशाला हुतं?"

अर्जुनाने हातातली वैरण बैलापुढे टाकली. लढाईबद्दल तो घरात कधीच बोलत नसे. पण आज म्हणाला, "त्येच्यावर जखमी मानूस टांगत्यात. गाडी कितीबी आदळू दे, त्यो आपला झुलत ऱ्हातो."

"मग चूल का नगं टांगाय?"

मी मनात म्हटले, शाबास! इतके दिवस मला हेच ओरडून सांगायचे होते.

तिसरी चूल तिने लोखंडी घमेल्यात, वाळूच्या थरावर घातली. चार पट्टे धुऊन माझ्या जुन्या कड्यांत अडकवले आणि घमेले त्यांवर टांगले. शिजवताना खाली उतरवायचे, निघताना पुन्हा टांगायचे. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी बैल जुंपले. तो ओढा आला, तो दगड आला. माझी चाके आदळली, भांडी खणखणली. पण पट्ट्यांवरचे ते वजन माझ्या ओळखीचे होते. जखमींना जसे नेत होते तसेच मी त्या चुलीला नेले आणि आणले.

अंगणात बैल सोडले. घमेले खाली घेऊन हरणाबाईने चूल पेटवली आणि भांडे चढवले. दूध फुगले, काठावर आले आणि चुलीवर सांडले. अर्जुना ओरडला, "उतू गेलं!"

साळूबाई काठी टेकत आली. पण तिने दुधाकडे पाहिलेच नाही. रिकाम्या लोंबणाऱ्या पट्ट्यावर तिने हात ठेवला.

"गोठ्यात काय म्हनत हुतास ते ऐकलं म्या," ती अर्जुनाला म्हणाली. "गुंड्याच्या गाडीतबी असलं पट्टं हुतं?"

"हुतं, आये. समद्या गाड्यांत असत्यात."

"म्हंजी माझ्या लेकराला हिसकं बसलं न्हाईत?"

"न्हाई, आये. झुलत गेला त्यो."

तीन वर्षे ती म्हातारी रोज त्या गाडीबरोबर आदळत होती, मित्रांनो. तिने तो पट्टा डोळ्यांना लावला आणि मोठ्याने रडली. गुंडाला नेले ते मी की दुसरीने, मला ठाऊक नाही. पण ज्यांना नेले त्यांना मी जपून नेले. हे सांगायला मला तोंड नव्हते. चुलीने सांगितले.

मग साळूबाईने डोळे पुसले आणि सुनेपुढे हात केला. "धर. मला वर घे."

दुसऱ्या दिवशी आम्ही खंडाळ्याला निघालो. मेळाव्यात नव्या रंगाच्या, माझ्याहून देखण्या मोटारी पुष्कळ होत्या. त्या सगळ्यांची माणसे तिन्ही दिवस साळूबाईच्या हातच्या भाकरी खायला माझ्या दारात आली.

आता मी पुन्हा लिंबाखाली उभी आहे. इंजिन थकले आहे. एखादी जुनी वस्तू तुमच्या दारी आली, तर तिला नाव ठेवण्याआधी तिने आजवर काय सांभाळले ते विचारा, मित्रांनो. एवढेच माझे मागणे आहे.

आणि माझे ते चार पट्टे कोणी बैलांना बांधू नका. साळूबाई आता नाही. पण ती होती तोवर, दुपारी माझ्यात येऊन बसायची आणि एक रिकामा पट्टा हाताने हळूहळू झुलवत राहायची.