फळ्यावरचे चार मार्क

"चार? समर्थला चार? परश्या, डोकं ठिकाणावर हाय न्हवं तुझं?"

आण्णाप्पा ओरडला, तरी परशरामचा खडू थांबला नाही. येळ्ळूरच्या चौकात तरुण मंडळाचा फळा होता. कोण वारले, पाणी कधी सुटणार, बैठक किती वाजता, सगळे त्यावर यायचे. पण गावचा समर्थ व्यावसायिक हॉकी लीगमध्ये खेळू लागला आणि त्याच्या प्रत्येक सामन्यानंतर फळ्याची उजवी बाजू परशरामची झाली. अकरा नावे, प्रत्येकासमोर दहापैकी मार्क आणि एका ओळीचा शेरा. खाली सही: परशराम. सातच्या वर त्याने आजवर कुणाला चढू दिले नव्हते.

दुपारच्या सामन्यात समर्थचा संघ तीन-एकने हरला. तिन्ही गोल पेनल्टी कॉर्नरवर झाले. पेनल्टी कॉर्नर लागला की गोलातून निघायचे आणि चेंडू मारणाऱ्याच्या अंगावर सरळ धावत जायचे, हे काम समर्थचे. तिन्ही वेळा तो निम्म्यातून वळला. समालोचकाला ते दिसले नसेल, परशरामला दिसले. त्याने शेरा लिहिला: 'भ्याला. मीही भ्यायचो. पण चेंडूला पाठ दाखवली की गोलकीपर एकटा पडतो.'

"उद्या सत्कार हाय त्याचा," आण्णाप्पा म्हणाला. मंडळाचा अध्यक्ष तोच. "पावणं येणार. पोरं ह्या फळ्याचं फोटो काढून गावभर पाठवत्यात. एक दिवस तुझं खरं गिळ की!"

"मागच्या मोसमात गुडघ्यावर चेंडू बसलाय त्याला. तवापासनं बिचकतोय. कुणीतरी सांगाय पायजे का नको?"

"बरं बाबा, तुझी मर्जी," म्हणत आण्णाप्पा नेहमीप्रमाणे त्याला घरापर्यंत सोडायला आला. ही चाळीस वर्षांची सवय. गावच्या संघात आण्णाप्पा गोलात उभा राहायचा आणि कॉर्नरला परशराम त्याच्यासाठी पुढे धावायचा. परशरामचे पुढचे तीन दात त्यातच गेले होते.

सकाळी त्याची बायको राजाबाई नळावरून आली ती हसतच.

"अवो, समर्थला नऊ दिल्यात म्हणं तुम्ही! त्याची आई, गुणाबाई, रडाय लागली की आनंदानं. एवढ्या दिसांनी मऊ झालासा म्हणायचं!"

परशराम खांद्यावर टॉवेल टाकून तसाच चौकात गेला. चाराच्या जागी नऊ होते. शेरा पुसून 'भिंतीसारखा उभा राहिला' असे लिहिले होते. खालची सही मात्र त्याचीच, जशीच्या तशी. नऊची ती लांबलचक शेपटी आण्णाप्पाशिवाय गावात दुसरे कुणी काढत नव्हते.

तीस वर्षे परशरामने उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत माल तपासला. कास्टिंगवर हातोडी मारायची, कान द्यायचा आणि आतल्या तड्याने बद्द वाजले की खडूने फुली. साहेब कितीदा मागे लागले, पण बद्द मालावर त्याने बरोबरची खूण कधी केली नाही. ती आता भर चौकात त्याच्या नावाने झाली होती. वैऱ्याने केली असती तर चार शिव्या हासडून तो मोकळा झाला असता. इथे शिवीसुद्धा तोंडातून निघेना.

आण्णाप्पा फळ्याशेजारीच मंडप बांधून घेत होता.

"द्यायचं तर तुझ्या नावानं द्यायचंस. माझं नाव का ठेवलंस?"

"आरं, मी नऊ दिलं तर कुत्रं तरी इचारतंय काय? तुझ्या नावाला वजन हाय!" आण्णाप्पाने कौतुकानेच त्याच्या पाठीवर थाप मारली. "एका आकड्यानं काय आभाळ कोसळतंय?"

घरी परतला तर सोप्यात समर्थ बसलेला. बॅग पाठीलाच. स्वतःच्या घरी जायच्या आधी तो इथे आला होता.

"फोटो बघितला, काका," तो म्हणाला. "तिन्ही डाव वळलो मी. तुम्हास्नी दिसलं न्हाय?"

"दिसलं रं. म्हणून चार दिलतो. ते नऊ माझं न्हवं."

समर्थने मोबाइल पुढे केला. "खाली नाव तुमचं हाय."

"नाव माझं. मार्क आण्णाप्पाचं."

समर्थने मोबाइल खिशात ठेवला. मग समजूत काढावी तसा हसला.

"असू दे काका. गावात ऱ्हायचं म्हणजे सगळ्यांचं बघाय लागतंय. कोचला सांगितलं तर संघातनं काढतील. म्हटलं, काका खरं सांगतील, भ्या वाटलं तरी चेंडूवर पळायचं कसं ते इचारावं. तेवढ्यासाठीच पयला हितं आलतो."

"मग बस की! सांगतो."

"नगं. आई वाट बघत असंल."

तो पाया पडून गेला. भांडून गेला असता तर परशरामला एवढे लागले नसते.

संध्याकाळी चौक भरला. गुणाबाई पहिल्या रांगेत नवे लुगडे नेसून बसली होती. शाल, श्रीफळ झाले आणि आण्णाप्पाने माइक घेतला.

"आमच्या परशरामनं जल्मात कुणाला सातच्या वर दिलं न्हाय. त्यानं समर्थला नऊ दिल्यात, नऊ!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. परशराम उठला. आता हा बोलणार, असे लोकांना वाटले. आण्णाप्पाने माइकसुद्धा पुढे केला. परशरामने टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात खांद्यावरच्या टॉवेलचे टोक बुडवले आणि तो फळ्यापाशी गेला. मागे वळून एकदा त्याने गुणाबाईकडे बघितले. नऊला त्याने हात लावला नाही. खालचे आपले नाव तेवढे पुसले, अक्षर न् अक्षर. खिशातला खडू काढून फळ्याच्या कडेवर ठेवला.

टाळ्या थांबल्या. स्टेजवर समर्थ खुर्चीतून उठून उभा राहिला होता. त्याच्या खांद्यावरची शाल घसरली, ती त्याने सावरली नाही.

परशराम घराकडे निघाला. आण्णाप्पा सवयीने चार पावले त्याच्या मागे आला.

"ऱ्हा तू," परशराम म्हणाला. "मी जातो."

आणि टॉवेल पिळत तो एकटाच चालू लागला.