मळणी मशीनचा घसारा

१९९३च्या दसऱ्याला मी आणि बेल्ह्याच्या गेणभाऊंनी चाळीस हजारांचं मळणी मशीन भागीत घेतलं. गेणभाऊंनी एकच अट घातली, "वहीत मशीनची किंमत शून्य झाली की भागी मोडायची. तवर कुनी निघायचं न्हाई."

वही माझ्याकडे आली. सोसायटीत कारकुनी करून मी हिशेबात मुरलेला.

घसारा, म्हणजे झिजेपोटी वहीतली किंमत दरवर्षी उतरवणं, काढायच्या दोन रीती. एकीत दरवर्षी सारखे चार हजार वजा करायचे, दहा वर्षांत खेळ खलास. दुसरीत उरलेल्या किमतीचे शेकडा पंधरा वजा करायचे, पुढच्या वर्षी पुन्हा उरलेल्याचे पंधरा. रक्कम आटत जाते, पण शून्य काही होत नाही. मी दुसरी धरली. आयकरवाले हीच धरतात, असं ठोकून दिलं. खरं सांगायची लाज वाटली. बायको आदल्या वर्षी गेली होती आणि माझ्या घरी मुक्कामाला येणारं दुसरं कोणी नव्हतं.

दर दसऱ्याला गेणभाऊ वही बघायला मुक्कामी यायचे. आम्ही मशीनला झेंडूची माळ घालायचो. मी जमतील तशा पुरणपोळ्या लाटायचो आणि ते नावं ठेवत चार खायचे.

२००३ला सोबत त्यांचा मुलगा सुदर्शन आला, कॅल्क्युलेटर घेऊन.

"काका, दहा वर्षं झाली. सरळ हिशेबानं शून्य झालं की!"

"वही मी लिहितो का तू?" मी खेकसलोच. वहीत अजून सात हजार आठशे पंच्याहत्तर होते.

गेणभाऊंनी त्याला बाहेर पाठवलं.

"कुंडलिका, पयल्या वर्सालाच वळाखलं व्हतं मी. ह्ये कदी शून्य व्हनार न्हाई. मलाबी यायला निमित्त पायजेच व्हतं."

"मग आज काय झालं?"

"गुडघं गेलं रं. यष्टी चढवत न्हाई. पोरगं भोसरीला नेतंय. मशीन तुलाच ऱ्हाऊ दे. लिव्ह शून्य."

मी लिहिलं. त्यांनी खाली सही केली. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि निघताना त्यांचा हात मात्र सोडवेना.

पुढच्या दसऱ्याला मी एकट्यानंच माळ घातली. वही उघडून शून्यावर काट मारली आणि शेकडा पंधरा वजा केले. सहा हजार सहाशे चौऱ्याण्णव उरले.

मग जेवायला बसलो. पोळ्या सवयीनं जास्त लाटल्या होत्या. चार उरल्या.