ईशान्येचा उतार

कानडी मुलखात, जयलक्ष्मीपुरमातल्या त्या घराभोवती चारी बाजूंनी दोन हात खोल चर खणला होता आणि दारापुढे एक फळी टाकली होती. बाहेर पडायचं तर त्या फळीवरून. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या वासुदेवरावांना ती ओलांडणं शक्य नव्हतं, आणि त्यांना एकटं टाकून ती ओलांडणं त्यांच्या सुनेला, तुंगाला शक्य नव्हतं. चर खणण्याआधी तरी वेगळं काय होतं म्हणा! नवरा रघूत्तम जाऊन सहा वर्षं झाली होती. धाकटा दीर बंगळुरात होता आणि तो सणासुदीला फोनवर नमस्कार करायचा. सासरा आणि सून, दोघंच घरात.

पण या खेपेला तुंगाला जायचंच होतं. हैदराबादला तिच्या लेकीचे, अन्विताचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. मग आईनं तिकडे जायचं ठरलं. शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढलं. दोन महिने सासऱ्यांपाशी राहायला त्यांची चुलत बहीण अंबूताई तयार झाली, फक्त एका अटीवर.

“त्या मागच्या खोलीत मी निजणार नाही हो, भिंती कशा गळतात! दमा आहे मला.”

घरात दुसरी खोलीच नव्हती. म्हणून घराभोवती भोकांचा पाइप घालायचा बेत झाला. जमिनीतलं पाणी भोकांतून पाइपात शिरेल आणि बाहेरच्या मोरीला जाईल, भिंतीला लागणारच नाही. पाइप बसला की अंबूताई येणार, अंबूताई आली की तुंगा सुटणार. इतकं सरळ गणित होतं.

काम घेतलं रंगनाथनं. त्याच्या घरची सगळी माणसं शिवणकामात, हा एकटाच मातीत उतरलेला. सोमवारी चर पुरा झाला तेव्हा वासुदेवरावांनी खुर्ची व्हरांड्यात मागवली. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस, गप्प कसा बसेल?

“भोकं खाली कर रे. पाणी खालून चढतं. आणि खडी धुऊन घे, माती गेली तर पाइप बुजेल.”

“होय होय, रायरे,” रंगनाथ म्हणाला. म्हाताऱ्याला कळतंय हे बघून तो खूश झाला. तुंगालाही बरं वाटलं. मामंजी कशात तरी रमले होते.

मंगळवारी रंगनाथनं पाणी भरलेली पारदर्शक नळी चारी कोपऱ्यांना लावून उतार मोजला. मागचा नैर्ऋत्येचा कोपरा सगळ्यांत खाली होता, पलीकडच्या गल्लीतली मोरी त्याहून खाली. “पाणी इथनं काढतो,” तो म्हणाला, आणि वासुदेवरावांनी काठी आपटली.

“नैर्ऋत्येला नाही. पाणी ईशान्येला काढायचं.”

“रायरे, ती बाजू उंच आहे की. रस्त्याची मोरी पाइपाच्या वर येते. पाणी उलटं घरात येईल.”

“नैर्ऋत्येला पाणी सोडलं की घरातलं माणूस जातं. वास्तू आहे ती. घर माझं आहे.”

तुंगा बघतच राहिली. बायकोच्या पंचांगाला जन्मभर हसलेला हा माणूस आज वास्तू सांगत होता! म्हातारपण, दुसरं काय, असं तिनं मनाला समजावलं.

रंगनाथ तिच्याकडे वळला. “अक्का, तुम्ही सांगा. पाणी कुणीकडं जातं, तुम्हाला माहीत असेल की.”

माहीत होतं. एकतीस वर्षं प्रत्येक पावसानंतर फडकं घेऊन तीच वाकली होती. पुढच्या अंगणातलं पाणी कोणत्या वाटेनं मागच्या खोलीत येतं, हे तिनं डोळे मिटून सांगितलं असतं. पण सांगितलं की वाद होणार. वाद झाला की मामंजी दोन दिवस जेवायचे नाहीत. गुरुवारपासून रंगनाथचं काम कडकोळला सुरू व्हायचं होतं, तो निघून जाणार. शुक्रवार हातचा जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. तुंगानं मूग गिळले. नुसते गिळले असते तरी चाललं असतं.

“ते म्हणतात ते बरोबर आहे,” ती म्हणाली. “ईशान्येलाच काढा.”

रंगनाथनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. “आयतु, अक्का, तसंच करतो,” म्हणाला आणि नळी गुंडाळायला लागला. तुंगाला लाज वाटली, पण लाजेपेक्षा घाई मोठी होती.

बुधवारी संध्याकाळी चर बुजला, फळी निघाली. तुंगानं पिशवीत डिंक, अळीव, सुंठ भरली, जुन्या लुगड्याची मऊ दुपटी भरली. अंबूताईचा निरोप आला, उद्या सहाला येते.

गुरुवारी दुपारी तीनला पाऊस आला आणि तासभर कोसळला. अंबूताईच्या गादीवर चादर घालायला तुंगा मागच्या खोलीत गेली, तर पाय घोट्यापर्यंत पाण्यात. पाइपानं आपलं काम चोख केलं होतं. घराभोवतीचं सगळं पाणी गोळा केलं, रस्त्याच्या मोरीतलंही थोडं घेतलं, आणि वर चढता येईना म्हणून सगळं आणून या खोलीत सोडलं.

अंबूताई फोनवर म्हणाली, “मग मी येऊन काय करू गं? आधी नीट करून घ्या.” रंगनाथ म्हणाला, “सुम्ने, उगाच बोललो नव्हतो मी, अक्का. सोमवारी येतो. परत खणायला पाहिजे.”

तुंगा बादली घेऊन पाणी उपसत होती, तेव्हा वासुदेवराव काठी टेकत दारात आले. एकतीस वर्षांत ती त्यांच्यावर कधी ओरडली नव्हती. आज ओरडली.

“मामंजी, तुमच्या ईशान्येनं माझं वाटोळं केलं!”

ते चौकट धरून उभे राहिले. मग सावकाश म्हणाले, “चौतीस वर्षं कालवे काढले मी, तुंगा. पाणी चढावर जात नाही, हे मला ठाऊक नव्हतं होय?”

तुंगानं बादली खाली ठेवली.

“रघूत्तम गेला. धाकटा येत नाही. तू गेलीस की परत यायची नाहीस.” ते खाली पाण्याकडे बघत होते. “तुझ्या जागी मी असतो, तर मीही आलो नसतो.”

ते खरं होतं. परतीचं तिकीट तिनं काढलंच नव्हतं. नंतर बघू, असं लेकीला सांगितलं होतं, आणि ते नंतर कधी येणार नाही हे तिला आतून ठाऊक होतं. त्यांनी राहा म्हणून हुकूम केला असता, तर ती त्याच पावली, त्याच पाण्यातून चालती झाली असती. हुकमाशी कसं भांडायचं ते तिला आता कळलं होतं. पण त्यांनी हुकूम केलाच नव्हता. तिला त्यांची कीव आली, आणि त्या किवेचाच तिला सगळ्यांत जास्त राग आला.

फोन वाजला. अन्विता होती.

“आई, उद्या निघतेयस ना?”

“उद्याचं जमत नाही गं.”

“म्हणजे? आई, मंगळवारची तारीख आहे!”

“चर परत खणायचाय. पाइप चुकीचा बसला.”

“कुणी चुकवला?”

तुंगानं दाराकडे पाहिलं. वासुदेवराव अजून खाली पाण्याकडेच बघत होते.

“मीच,” ती म्हणाली. “उतार माहीत होता मला. मी खरं बोलले नाही.”

तिकडे अन्विता रडायला लागली. वासुदेवरावांनी चौकट सोडून पाण्यात पाऊल टाकलं, आणि ते घसरणार असं दिसताच तुंगानं पुढे होऊन त्यांचा दंड घट्ट धरला.