बाबा फॉसेटच्या ताब्यात

बुधवारी बाबा गिसली ओलसनच्या आवारात तपासणीला गेले. गिसली जुन्या गाड्या विकतो. माझी गाडी दुरुस्तीला टाकली होती, म्हणून मीही त्यांच्याबरोबर होते. थंडी अशी की पापण्या एकमेकींना चिकटत होत्या. गिसलीनं कॉफीचा मग पुढे केला, तर बाबांनी नेहमीसारखा पिशवीतून स्वतःचा थर्मास काढला.

"अरे आर्विड, माझ्या कॉफीनं तू भ्रष्ट होणार आहेस का?"

"भ्रष्ट नाही, आजारी. तुझ्या कॉफीबद्दल तक्रारी आहेत."

गिसली खदखदून हसला. मग बाबांनी त्याला एका निळ्या गाडीच्या काचेवरची पाटी काढायला लावली, कारण गाडीला झालेल्या अपघाताची माहिती तिच्यावर अर्धवट होती. गिसलीचं हसू तिथंच संपलं. परत येताना बाबा सरोवराच्या काठानं हळू गाडी चालवत होते. बर्फात भोकं पाडून मासे धरणारी माणसं दिसत होती. निवृत्त झाल्यावर आपणही असंच बसणार, असं ते म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही माशांचीही तपासणी कराल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारापुढचा बर्फ फावड्यानं उपसताना ते पडले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

आमच्या गावात अंत्यविधीची सोय एकच, फॉसेटची. त्यांची गाडी आली आणि बाबांना घेऊन गेली. ती वळणाआड गेली न गेली तोच मेव्हिसचा फोन आला. मेव्हिस बाबांच्या कार्यालयात त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायची.

"सिग्रिड, राणी, त्याला कुठं नेलंय?"

"फॉसेटकडे. का?"

तिनं आवाज खाली आणला. "दुसरीकडे नेता येईल का गं?"

"का, मेव्हिस?"

"ते मला सांगता येणार नाही. तुला माहीत आहे ना आमचं."

मला माहीत होतं. प्रांताच्या त्या कार्यालयाचं काम म्हणजे धंदेवाल्यांनी गिऱ्हाइकाशी कसं वागायचं याचे नियम ठरवायचे आणि ते पाळले जातात की नाही ते बघायचं. मोटारविक्रेते, सामान हलवणारे, कर्जवसुलीवाले, व्यायामशाळा, अंत्यविधीवाले, सगळे त्यात आले. तक्रारीची चौकशी चालू असेपर्यंत त्या धंद्याचं नाव बाहेर काढायचं नाही. बाबांनी आम्हाला घरातही कधी सांगितलं नाही. एखाद्या दुकानात ते अचानक जायचं बंद करायचे, एवढ्यावरून आई ओळखायची.

दुसरीकडे न्यायचं म्हणजे शहरात, आणि वादळामुळे महामार्ग बंद होता. मी बाबांचा करडा सूट घडी करून पिशवीत ठेवला आणि फॉसेटकडे निघाले. त्यानं काय केलं असेल? खोटी बिलं? की मृतांशीच काही? पाय बर्फावरून घसरत होते आणि डोक्यात तेच चाललं होतं.

लॉइड फॉसेट दारातच भेटला. हात धुतलेले, आवाज मऊ. मी बसायच्या आतच त्यानं दरपत्रक पुढे ठेवलं. "काही घाई नाही. शरीर टिकवायची औषधं भरायलाच हवीत असंही नाही, ती तुमची मर्जी. तुमच्या बाबांना मी काय शिकवणार!" तो हसला. सगळं अगदी नियमाप्रमाणे. मला बरं वाटायला हवं होतं.

"मला त्यांना बघायचंय."

"थोडा वेळ द्या. तयार करतायत आत."

त्यानं सूट नेला. मी बाजूच्या खोलीत बसले. दार पूर्ण लागत नव्हतं. थोड्या वेळानं बाहेर बूट झटकल्याचा आवाज आला. मिसेस बोइचुक होत्या. धान्यकोठारापलीकडे राहतात, नव्वदीला टेकल्या असतील. मला त्या ओळखत नव्हत्या. नवरा गेला होता, ओरेस्ट.

"त्याला काही टोचायचं नाही," त्या म्हणाल्या. "आमच्यात आवडत नाही ते. तसाच ठेवा, शनिवारी चर्चमध्ये नेऊ."

"आजी, तसं चालत नाही." फॉसेटचा आवाज तोच, मऊ. "कायदाच आहे. औषधं भरल्याशिवाय चर्चमध्ये नेता येत नाही."

"कायदा?"

"माझ्या हातात नाही हो ते."

"मग काय करणार," मिसेस बोइचुक म्हणाल्या. पर्स उघडल्याचा आवाज आला. "कुठं सही करू?"

असा कायदा नाही. अंत्यविधीवाल्यांची आचारसंहिता बाबांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर लिहिली होती. सक्ती नसलेल्या गोष्टीला सक्ती म्हणायचं नाही, हे कलम त्यांनी कितीदा खोडून साधं केलं होतं. मेव्हिसला काय सांगता येत नव्हतं, ते आता कळलं.

पण बाबा आतल्या दारामागे होते, या माणसाच्या टेबलावर. त्यांना आंघोळ कोण घालणार, शर्टाची बटणं कोण लावणार, मागे कुणी काय बोलणार, ते मला दिसणार नव्हतं. गप्प बसले तर सगळं नीट होणार होतं. फक्त माझ्यापुरतं.

मी दार उघडलं.

"आजी, सही करू नका. असा काही कायदा नाही. नको म्हणायचा तुम्हाला हक्क आहे."

फॉसेटनं वळून पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "मिस थोरलाक्सन, तुम्ही दुःखात आहात. आत बसा. तुमचे वडील अजून आमच्याच हातात आहेत. काम शांतपणे झालेलं बरं, नाही का?"

मिसेस बोइचुक पेन धरून तशाच उभ्या होत्या. त्या आळीपाळीनं आमच्या दोघांकडे बघत होत्या.

"ही कोण?" त्यांनी त्याला विचारलं.

गावातल्या कुठल्याही दुकानात आम्ही कुणाचे ते सांगायचं नाही, असं बाबांनी लहानपणीच बजावलं होतं. सांगितलं की लोक एक तर घाबरतात, नाही तर जास्तीचं वाढतात. मी कधीच सांगितलं नव्हतं.

"मी आर्विड थोरलाक्सनची मुलगी," मी म्हणाले. आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला, आतल्या खोलीपर्यंत गेला असेल. "हा नियम माझ्या बाबांनी लिहिलाय."