दोन्ही बाजूंनी बहरलेला

मी एक जुना ग्रीक शब्द आहे. जातीने विशेषण, नाव अम्फिथलेस. जीभ अडखळली तरी राग नाही, सवय आहे.

मित्रांनो, माझी घडण साधी. ‘अम्फी’ म्हणजे दोन्ही बाजूंनी, ‘थल्’ म्हणजे बहरणं. दोघांची गाठ पडली आणि मी झालो, दोन्ही बाजूंनी बहरलेला. पण हे झाडाबद्दल नव्हे. ज्याचे आई आणि वडील दोघेही हयात आहेत, अशा मुलाला मी लावला जाई. मुलगा असो की मुलगी, माझं रूप एकच. लग्नात, देवाच्या कामात असं मूल मुद्दाम शोधून पुढे उभं करत. माझं फार कौतुक झालं. मागे उभ्या राहिलेल्या मुलांना कसं वाटे, हे मला कुणी विचारलं नाही.

पुढे मी रिकामा झालो. सध्या एका शब्दकोशाच्या कचेरीत चिठ्ठीवर राहतो. बहीण-भाऊ मिळून कोश करतात. भावाने घाईत माझे नुसते तुकडे वाचले आणि मला वनस्पतींच्या खणात टाकलं. कित्येक वर्षं वेलींच्या शेजारी निमूट काढली.

काल ताईने मला बाहेर ओढलं.

“हा इथे कुणी लावला?”

“मीच. बहरलेला म्हटल्यावर मला काय वाटणार, ताई?”

“आईबाप दोघंही असलेला, असा अर्थ आहे रे.”

भाऊ चष्मा पुसत राहिला. “म्हणजे आपण यात बसत नाही.”

“बाबा होते तोवर बसत होतो.” तिने मला टेबलावर ठेवलं. “आई विचारत होती, तुझ्या जेवणाचं काय.”

“तिनेच म्हटलं, चालता हो.”

“रागात म्हणाली. तू तर पिशवी भरूनच बसला होतास.”

तो हसला नाही. “एकाच बाजूने बहरलेल्याला शब्द आहे का?”

“शोधते. तोवर आहे त्या बाजूला पाणी घाल.”

त्याने गाडीची किल्ली उचलली. “मला बघून दार लावून घेईल ती.”

“नाही रे. चहाचं आधण वाढवेल.”

तो गेला. मी टेबलावर त्याच्या कपाखाली राहिलो. कडेला गोल डाग पडला आहे. जुन्या शब्दांना ओल सोसत नाही, तेव्हा मला कधीतरी जपून ठेवा. पण मित्रांनो, घाई नको. मी ज्यांना लागू पडतो, त्यांना ते बहुतेक माहीतच नसतं. आधी घरी डोकावून या. मी थांबतो.