दुसरा साक्षीदार

डॉर्कस मरायला टेकली होती, पण मरणाला ती भीत नव्हती. भीत होती ती सुरीला. लंडनमध्ये नवा कायदा आला होता. वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांना कामावर ठेवणाऱ्या सरकारी आश्रयघरात, मेलेल्या ज्या कंगालाला न्यायला कुणी नातलग येत नाही, त्याचं प्रेत शिकाऊ डॉक्टरांना चिरायला द्यायचं. सुटायचं असेल तर जिवंतपणीच दोन साक्षीदारांसमोर नाही म्हणायचं. डॉर्कसला ना मूल, ना भाऊ. होती फक्त हेस्टर. अकरा वर्षं दोघींनी तिथल्या धुलाईखान्यात एकाच टबात हात उकडून घेतले होते.

सकाळी हेस्टर ओल्या हातांनीच डॉर्कस पडली होती त्या आजाऱ्यांच्या खोलीत शिरली. "बायांनो, एक जण तरी साक्षीला उभी राहा गं माझ्याबरोबर!"

दाराशी तिथली कारभारीण, मेट्रन, उभी होती. ती नुसती बघत राहिली आणि एकेकीची मान खाली गेली. उद्यापासून चहा बंद झाला तर? हेस्टरला संताप आला, पण त्या बिचाऱ्यांचा नाही.

तेवढ्यात डॉक्टर थॉर्बर्न आला. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती.

"हेस्टर, जरा विचार कर," तो म्हणाला. "एका देहावर वीस पोरं शिकतात. ती पुढं हजारो जीव वाचवतात. मेलेल्याला दुखत नाही. मग नुकसान कुणाचं?"

"हिचं. ही अजून जिवंत आहे आणि थरथरतेय. ती भीती धरलीत का बेरजेत?"

"धरली. हजारांपुढं ती फार लहान पडते. आणि माझा देहही मी लिहून दिलाय."

"तुम्ही तुमचा दिलात, साहेब. हिचा तुम्ही घेताय. देणं आणि घेणं एकच झालं होय?" ती खाटेवर वाकली. "डॉर्कस, सांग गं. मोठ्यानं सांग."

"मला कापू नका," डॉर्कस म्हणाली. सगळ्या खोलीला ऐकू गेलं.

"एक साक्षीदार मी," हेस्टर ताठ उभी राहिली. "दुसरे तुम्ही. ऐकलंत ना?"

मेट्रन फणकारली, "साहेबांनी काही ऐकलेलं नाही!"

"मग म्हणा की तसं, साहेब! एका खोट्यानं हजारांचं भलं होतंय. एवढं स्वस्त पुण्य पुन्हा मिळायचं नाही. म्हणा!"

थॉर्बर्नचे कान लाल झाले. डॉर्कस डोळे ताणून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"ऐकलं," तो म्हणाला. मेट्रनकडून कागद मागवून त्यानं सही ठोकली. मग दाराशी थबकला. "तरी माझं म्हणणं चूक नाही, हेस्टर."

"नसेल. मग खोटं का नाही बोललात?"

तो दार ओढून निघून गेला.

डॉर्कस गुरुवारी गेली. हेस्टरनं तिला स्वतःच्या हातानं न्हाऊ घातलं आणि अख्खीच्या अख्खी मातीत ठेवली.